शेवटच्या टाक्यापासून

देवळीच्या स्टँडवर वर्ध्याची एसटी लागली तेव्हा आईनं माझ्या पिशवीत स्वेटर कोंबला. बाबा खिडकीशी येऊन म्हणाले, "नाई जमलं तं लाजू नको. परत येजो." मायेनंच म्हणाले, पण बंगलोरच्या संशोधन संस्थेत ते 'परत येजो' माझ्या मानगुटीवर बसलं. पोरगी कॉम्प्युटर शिकायला गेली आणि हात हलवत आली, असं गावभर होणार.

मैत्रिणींनो, देवळीत राहिलेल्या आणि माझ्यासारख्या दूर गेलेल्याही, आईचं विणकाम तुम्ही विसरला नसाल. कुणाच्या अंगावर नवा नमुना दिसला की ती स्वेटर मागून आणायची, उसवून टाके समजून घ्यायची आणि होता तसा विणून परत करायची. मी मदतीला बसले की नेमकी सुरुवातीच्या काठाकडून लोकर ओढायचे. तिकडून वीण सुटत नाही, नुसती गुंतते; मग आई ओरडायची,

"तिकून काऊन ओढून राह्यली वं? जिथं संपलं, तिथून उसव!"

ऐंशीचं दशक सरताना कुणाच्या तरी फ्लॉपीतून आमच्या लॅबमध्ये व्हायरस शिरला. तेव्हा ही बला सगळ्यांनाच नवी होती. हार्ड डिस्क उघडेना आणि माझ्या प्रबंधाचं सगळं काम तिच्यातच. माझे मार्गदर्शक सर म्हणाले, "सोमवारी डिस्क पुसून टाकू." म्हणजे मी देवळीला परत.

दुसऱ्या मशीनवर मी त्या व्हायरसच्या सूचना कागदावर छापून घेतल्या आणि पहिल्या ओळीपासून वाचायला बसले. तो सारखा इकडून तिकडे उड्या मारायचा. माझा नुसता गुंता झाला. मग आईचं ओरडणं आठवलं आणि बोट थेट शेवटच्या ओळीवर ठेवलं. तिथे तो डिस्क सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामच्या हाती कारभार देत होता. द्यायचा, तर तो मूळ प्रोग्राम त्यानं कुठंतरी जपून ठेवलेला असणार! उलट्या दिशेनं थोडं सरकले, तर त्या जागेचा पत्ताच सापडला. मूळ प्रोग्राम उचलून, व्हायरस बसला होता त्या त्याच्या जागेवर ठेवला. डिस्क उघडली, काम जसंच्या तसं. मी सरांसमोरच रडले, आणि मला त्याची लाजही वाटली नाही.

त्या दिवाळीत मी देवळीला गेले. स्टँडवर बाबा उभे होते. "आली काय वं? किती दिवस राह्यतं?"

तोवर घर म्हणजे हरल्यावर जायची जागा होती. त्या दिवशी मी नुसतीच सुट्टीला आले होते.