चिंचोक्यांचा दुसरा तास

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही — बायकोलासुद्धा नाही. तुम्हाला का सांगतोय, ते माझं मलाच कळत नाही.

हिंगण्याकडच्या एका शाळेत मी बावीस वर्षं विज्ञान शिकवतो. आठवीचा आयनिक बंध मला तोंडपाठ. फळ्यावर सोडिअमची वर्तुळं, क्लोरीनची वर्तुळं, मधे बाण — घ्या लिहून. मुलं जांभया देत, पण लिहून घेत.

मग शुभांगी आली. तासिका तत्त्वावर — म्हणजे पुढच्या वर्षी ठेवतील की नाही, याचा भरवसा नाही. मौद्याहून दोन बस बदलून यायची. तिने पोरांना इलेक्ट्रॉन म्हणून चिंचोके वाटले. सोडिअमने आपला बाहेरचा एकुलता चिंचोका क्लोरीनला द्यायचा, मग दोघांनी हात धरायचे. हसणं पार माझ्या वर्गापर्यंत यायचं. एकदा ती रजेवर होती, तिच्या तासाला मी गेलो, तर पहिल्या बाकावरची पोरगी म्हणाली, "सर, मॅडम काहून नाही आल्या? आम्ही उद्याच शिकतो ना, त्यांच्यापाशी."

जळलो मी. दुसरा शब्द नाही. बावीस वर्षांत माझ्या तासाची कोणी वाट पाहिली होती का?

वर्ष संपताना मुख्याध्यापिकांनी विचारलं, "तुम्ही सीनियर आहात, सर. शुभांगीले ठेवायचं काय?" मी म्हणालो — अगदी शांतपणे, काळजीच्या सुरात — "मुलगी मेहनती आहे, पण संकल्पना चुकीची देते. मिठात अशा सुट्या जोड्या नसतात. ती जोड्या लावून मोकळी होते."

खरं काय होतं? जोड्या हा तिचा पहिला तास. दुसऱ्या दिवशी तिने अख्खा वर्ग मैदानात उभा केला होता. एक सोडिअम, एक क्लोरीन, पुढे-मागे, आजूबाजूला. "इथं कोणाची एकट्याची जोडी नाही," ती ओरडून सांगत होती, "हा मिठाचा स्फटिक!" मी खिडकीत उभं राहून तो तास शेवटपर्यंत पाहिला होता. इतकं सुरेख मला कधी सुचलं नव्हतं. आणि त्या तासाबद्दल मी चकार शब्द काढला नाही.

तिला ठेवलं नाही. शेवटच्या दिवशी ती स्टाफरूममध्ये माझ्यापाशी आली. "सर, कारण कोणी सांगूनच नाही राहिलं. माझं शिकवणं चुकलं असतं, तर तुम्ही मले सांगितलंच असतं ना?"

"सांगितलं असतं," मी म्हणालो.

तिचा चेहरा जरा सैल झाला. ती वाकून माझ्या पाया पडली — आणि मी पाय मागे घेतले नाहीत.