माडीवरचं इटालियन

मास्तरकी करावी असं माझ्या मनात कधीच नव्हतं. इटालियन जहाजांवर स्टुअर्ड म्हणून अर्धं आयुष्य काढलं, रत्नागिरीला परतलो आणि माडीवर नुसता बसून राहिलो. बायको म्हणाली, "दिवसभर माझ्या स्वयंपाकात खोड्या काढता, त्यापेक्षा चार पोरांना ती तुमची भाषा तरी शिकवा." शिकवायला लागलो. क्लासच्या फीचं म्हणाल तर ती चहापोह्यांतच संपते, पण किस्से मात्र साठत जातात. पागोळीखाली घागर ठेवावी आणि आपण विसरून जावं, तसं आहे ते. बघावं तेव्हा भरलेली!

*

क्रियापदं शिकवायची माझी पद्धत जुनी आहे. लहानपणी तिन्हीसांजेला आजोबा आमच्याकडून परवचा म्हणून घेत. पाढे, श्लोक, सगळं एका सुरात. मी तोच सूर पकडला. दिवेलागणीला सगळे मांडी घालून बसतात आणि मी सुरुवात करून देतो. "पार्लो, पार्ली, पार्ला, पार्लियामो, पार्लाते, पार्लानो!" मी बोलतो, तू बोलतोस, इथपासून ते बोलतात इथपर्यंत. मग पुढचं क्रियापद, मग पुढचा काळ. ज्याचं चुकलं त्याने पुन्हा पहिल्यापासून म्हणायचं.

शेजारचे आबा तेव्हा ओटीवर येऊन बसायचे. डोळे मिटून, हात जोडून. मला वाटलं, त्यांची संध्या चालू असेल. एक दिवस आमचा क्लास बंद होता, तर आबा जिना चढून वर आले. म्हणाले, "आज स्तोत्र नाही? हल्ली इतकं शुद्ध संस्कृत कानावर पडत नाही हो."

मी खरं ते सांगितलं. आबांनी गुडघ्यावरून हात फिरवला.

"असू दे," ते म्हणाले. "माझी गुडघेदुखी थांबलीय त्याने."

ते अजून येऊन बसतात.

*

देवरुखची रेश्मा नर्स आहे. इटलीत म्हाताऱ्या माणसांची देखभाल करायची नोकरी तिला हवी होती. मुलाखत मोबाईलवर, माझ्याच माडीवर. वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी, मी अगदी निर्धास्त होतो.

समोरच्या बाईंनी विचारलं, तुमच्याबद्दल काहीतरी सांगा. रेश्माचा चेहरा पांढराफटक पडला. आणि तिने परवच्याच्या सुरात 'असणे' सुरू केलं. मी आहे, तू आहेस, ती आहे, आपण आहोत, तुम्ही आहात, ते आहेत. न थांबता, शेवटपर्यंत. मी दाराआड कपाळाला हात लावून उभा!

त्या बाई शांतपणे म्हणाल्या, "छान. सगळे आहेत हे कळलं. आता त्यातल्या तुम्ही कोण, तेवढं सांगा."

रेश्माला हसू आलं आणि हसताहसता तिची भाषा सुटली. हल्ली ती तिकडच्या एका आजीबाईंना रोज संध्याकाळी परवचा म्हणून दाखवते. आजीबाई तिच्या चुका काढतात आणि खूश असतात.

*

सावर्ड्याचा संदेश तर वर्तमानकाळाच्या पुढे यायलाच तयार नव्हता. जहाजावर कुक म्हणून जायचं होतं त्याला. मी भूतकाळ काढला की हा बॅग आवरायला घ्यायचा.

"सर, किचनमध्ये भूतकाळ कशाला लागतोय? जे काय हाय ते समोर गॅसवर."

मी चिडलो, भांडलो, शेवटी नाद सोडला. संदेश गेला. थोड्या दिवसांनी परमुलखातल्या नंबरावरून फोन आला. एकदम हळू आवाजात बोलत होता.

"सर, भूतकाळाचा क्लास आत्ता फोनवर घेता काय? जरा घाई हाय. सॉस कोणी करपवला म्हणून चीफ विचारतोय."

*

आता सुमनकाकू. काकूंचं गाव पालीच्या पुढे, एसटीने यायच्या. पहिल्या दिवशी पोरांच्या मागे येऊन बसल्या तेव्हा मला वाटलं, कुणाची तरी आई सोडायला आली असेल.

त्यांचा एकुलता एक मुलगा विनायक बोटीवर होता. जेनोव्हाच्या कियाराशी त्याने लग्न केलं आणि तिथेच राहिला. त्यांची मुलगी मीरा. दर रविवारी व्हिडिओ कॉल व्हायचा. विनायक मध्ये बसायचा, तिकडचं मराठीत करायचा आणि इकडचं इटालियनमध्ये. मग आजाराचं निमित्त होऊन विनायक गेला. कॉल मात्र चालू राहिला. कियारा भली पोर, तिने एक रविवार चुकवला नाही. पण पडद्यावर नात आजीकडे बघायची, आजी नातीकडे, आणि दोघी गप्प.

"मधला माणूसच गेला, मास्तर," काकू म्हणाल्या. "आता मलाच शिकाय हवं. नायतर पोर विसरंल मला."

मी उठलो आणि त्यांना पुढच्या रांगेत बसवलं.

*

पण काकूंना काळ नको, मी-तू-तो नको. फक्त आज्ञार्थ! आजीला दुसरं काय लागतं, हे त्यांचं म्हणणं. मांजा, म्हणजे खा. बेव्ही, पी. सिएदिती, बस. दोर्मी, झोप. एवढी शिदोरी बांधून त्या घरी गेल्या.

रविवारी दुपारी मी जेवायला बसलो होतो, तर शेजारणीच्या मोबाईलवरून काकूंचा फोन. आवाज घाबराघुबरा.

"मास्तर, उठ कसं म्हणतात? लवकर सांगा!"

झालं होतं असं की, काकूंनी पडद्यावर 'खा' म्हटलं. मीराने धावत जाऊन बिस्कीट आणून खाल्लं. 'पी' म्हटलं, ती पाणी प्यायली. 'बस' म्हटल्यावर बसली. मग 'झोप' म्हटलं आणि मीरा सोफ्यावर डोळे घट्ट मिटून आडवी झाली ती झालीच. कियारा हसत हाका मारतेय, पण पोर हलेना. आजीने झोपवलंय, आजीनेच उठवायला हवं!

"आल्त्साती," मी सांगितलं. काकूंनी तिकडे ओरडून म्हटलं. फोनमधून एका लहान मुलीचं खदखदून हसणं मला ऐकू आलं. माझा भात निवला होता, पण तो तसाच गोड लागला.

*

मग एका रविवारी मीराने विचारलं, लहानपणी बाबा कसा होता?

काकू दुसऱ्या दिवशी क्लासला आल्या आणि जिन्यातच बसल्या. विनायक गेल्यापासून त्याच्याबद्दल त्या कोणाशीच बोलल्या नव्हत्या. घरात त्याचं नाव निघालं की उठून गोठ्यात जायच्या. आता नातीशी बोलायचं तर परक्या भाषेत, आणि तेही त्याच्याबद्दलच.

इटालियनमध्ये एक काळ असा आहे, की एखादी गोष्ट कोणी नेहमी करायचा, ते त्यात सांगतात. मी त्या दिवशी तोच काढला. काकू मराठीत सांगत गेल्या आणि सगळा वर्ग ते इटालियनमध्ये जुळवत गेला. तो फणसाचे गरे चोरून खायचा. मांजाव्हा. पकडला की हसायचा. रिदेव्हा. अभ्यासाला बसला की पुस्तकावरच झोपायचा. दोर्मिव्हा. बोलताबोलता काकू रडल्या, पोरंही रडली, आणि मी चष्मा पुसायचं निमित्त करून खिडकीपाशी गेलो. कितीतरी दिवसांनी त्या बाईने मुलाचं नाव तोंडाने घेतलं होतं.

तेव्हापासून दर रविवारी बाबाची एक गोष्ट सांगायचा नेम झाला. गणितात नापास झालेला विनायक तर मीराला इतका आवडला, की तिने तो शाळेत जाऊन सगळ्यांना सांगितला.

*

नाताळच्या सुट्टीत दोघी येणार असं ठरलं. कियाराने फोनवर आणखी एक विचारलं होतं. आई, परत जाताना तुम्हीही आमच्याबरोबर चला, आमच्याजवळच राहा. काकूंनी साफ नाही म्हटलं. गाय कोण बघणार, देवाजवळ दिवा कोण लावणार, विनायकचं घर बंद कसं ठेवायचं?

त्याच आठवड्यात मी कोंजुन्तिव्हो, म्हणजे त्यांचा विध्यर्थ, शिकवायला घेतला. इच्छा, आशा, भीती, जे अजून झालेलं नाही ते सगळं या अर्थात बोलतात. पोरांना काही केल्या समजेना. काकूंना मात्र लगेच समजला. त्यांनी पिशवी उचलली.

"ह्यो अर्थ मला नको, मास्तर. आस लावून बसायची ताकद ऱ्हायली नाय आता."

मी पुस्तक मिटलं.

*

दोघी आल्या. पंधरवडाभर घरात नुसता गलका. मीरा घावणे गुळाच्या रसात बुडवून खायची, गाईशी इटालियनमध्ये बोलायची. निघायच्या दिवशी काकूंनी आमच्या सगळ्या वर्गाला जेवायला बोलावलं. जेवणं झाल्यावर सगळे देवळात गेलो. गावातून कुणी लांबच्या प्रवासाला निघालं की गुरव देवापुढे गाऱ्हाणं घालतो. तो मागणं मागतो आणि जमलेली माणसं "व्हय म्हाराजा" म्हणून दुजोरा देतात. देवासमोर दिलेला हा होकार मागे घ्यायचा नसतो, हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं.

म्हातारे गुरव हात जोडून म्हणाले, "बा म्हाराजा, ही लेकरं परमुलखात निघाली हत, त्यांची वाट सुखाची कर!"

"व्हय म्हाराजा!" सगळं देऊळ म्हणालं.

कियाराला मी अर्थ सांगितला. मीराने तो ऐकला आणि मला पण मागायचंय म्हणाली. मी गुरवांना विचारलं. ते म्हणाले, "मागू दे की. देव काय तिचा पासपोर्ट बघणार हाय?"

मीरा पुढे झाली. हात जोडले, डोळे मिटले आणि इटालियनमध्ये सुरू केलं. विमान हलू नये.

"व्हय म्हाराजा!" कुणाला एक अक्षर कळत नव्हतं, पण पोरीचा सूर बरोबर होता.

आईने रडू नये.

"व्हय म्हाराजा!"

"के ला नोन्ना व्हेंगा दा नोई," मीरा म्हणाली. काकूंना नको असलेला तोच कोंजुन्तिव्हो. आजीने आमच्याकडे यावं. आणि एकदा आली, की तिने कधीच परत जाऊ नये.

"व्हय म्हाराजा!" अख्खा गाव गरजला. कियाराने तोंडावर हात ठेवला.

गुरव मात्र नारळ हातात धरून थांबले. त्यांनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि काकूंकडे बघितलं.

"सुमन, तुजा आवाज नाय आला. घरातलं माणूस बोलल्याबिगर गाऱ्हाणं पुरं व्हत नाय. पोरीनं काय वावगं मागितलान काय?"

काकूंनी नाही म्हणून मान हलवली. नातीकडे बघितलं, पदराने डोळे पुसले आणि एकट्याच म्हणाल्या, "व्हय म्हाराजा."

गुरवांनी नारळ फोडला.