लसणाची टोपी

गेल्या रविवारी तुम्ही दोघं फोनवर दिसत होतात, तेव्हा तुमच्यातल्या धाकटीने माझ्या मागच्या भिंतीकडे बोट दाखवून विचारलं, "आजी, त्या हॅटमध्ये लसूण काहून आहे?" तुमचा बाबा बाजूने म्हणाला, "तो तिथेच असतो गं." त्याने समज आल्यापासून लसूण त्या टोपीतच पाहिला आहे. आमच्या स्वयंपाकघरात खिळ्याला टोपी उलटी टांगलेली असते आणि तिच्यात लसूण असतो, यात त्याला विचारण्यासारखं काही वाटत नाही.

त्याच फोनवर तुमची आई म्हणाली की तिकडे अंडी आणि तेल फार महाग झालं आहे, आणि हव्या त्या वस्तूबरोबर नको ती दुसरी घेतली तरच दुकानदार भाव कमी लावतात. मी "अच्छा" म्हणाले. फोन ठेवल्यावर वाटलं की टोपीचं लिहून ठेवावं. सावकाश वाचा. अडलं तर बाबाला विचारा, पण त्यालाही यातलं थोडंच माहीत आहे, कारण तेव्हा तो पाळण्यात होता.

आता मी विजय नगरात राहते. तेव्हा इथे शेतं होती आणि आम्ही जबलपूरच्या दुसऱ्या टोकाला, आजोबांच्या लष्करी कारखान्याच्या क्वार्टरमध्ये होतो. दोन खोल्या, मागे छोटं अंगण. घरात तुमचे आजोबा, त्यांची आई म्हणजे माझ्या सासूबाई, मी आणि पासष्टच्या लढाईआधीच्या उन्हाळ्यात जन्मलेला तुमचा बाबा. त्याच्या जन्मानंतर पावसाळ्यात मला मुदतीचा ताप आला. मी उठून बसले तोवर माझं दूध आटलं होतं. गवळ्याचं म्हशीचं दूध पाणी घालून दिलं, तर त्याला हगवण लागली. गाईचं दिलं, पुन्हा तेच. कोणीतरी बकरीचं सुचवलं, तेही पोटात राहिलं नाही. त्याच्या पायांची कातडी सुरकुतली आणि टाळू खोल गेली. कारखान्याच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, "डब्याचं दूध. दुसरं काही नाही. निदान सहा महिन्यांचा होईपर्यंत."

डब्याचं दूध त्याला मानवलं. एवढंच सगळं होतं. डबा असला की तो जगणार होता, आणि डबा मिळत नव्हता.

लढाई सुरू झाली आणि आजोबांच्या पाळ्या बारा तासांच्या झाल्या. रविवारची सुट्टी गेली. ते घरी यायचे ते तेलाचा आणि तापलेल्या लोखंडाचा वास घेऊन, आणि कधी कधी ताटावरच डोळे मिटायचे. तिथे काय बनवतात हे त्यांनी सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. रात्री उजेड बाहेर जाऊ नये म्हणून खिडक्यांच्या काचांना मी काळे कागद चिकटवले होते, कडा अगदी सरळ कापून. बाजार माझ्याकडे आला. ताप गेला होता, पण माझ्यात काही परत आलं नव्हतं. मी पिशवी घेऊन जायची, रांगेत उभी राहायची, परत यायची. डाळीचा भाव विचारायची, तो कालच्यापेक्षा वर असायचा. मी एकदा किराणावाल्याला म्हणाले, "भैया, कल तो कम था." तो तराजूवरून नजर न काढता म्हणाला, "कल का भाव कल के साथ गया, बहनजी." मला राग आला नाही. मी ठरवलं होतं त्याच्या निम्मी डाळ घेतली.

रेशनवर लाल गहू मिळायचा, परदेशातून आलेला. त्याची पोळी फुगायची नाही, कडेने तडकायची. सासूबाई त्याला नावं ठेवत मळायच्या. चहात साखरेऐवजी गूळ आला, मग दुपारचा चहाच गेला. वरण पातळ होत गेलं. ताटात जे येई ते जेवायचं.

दुधाचा डबा गावात दोन-तीन ठिकाणी कधीतरी यायचा आणि तासाभरात संपायचा. सदर बाजारातल्या एका जुन्या दुकानात मात्र तो बहुतेक वेळा असे. छावणीतलं दुकान ते, पूर्वी गोऱ्या साहेबांचं गिऱ्हाईक असलेलं. म्हातारा दुकानदार पांढरा कोट घालून बसायचा आणि सगळ्यांशी आदराने बोलायचा. मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्याने डबा काउंटरवर ठेवला आणि शेजारी निळीच्या पुड्यांचा एक गठ्ठा ठेवला.

"ये मैंने नहीं मांगा," मी म्हणाले.

"साथ में लेना पड़ेगा, बहनजी."

"नहीं लूं तो?"

"तो डब्बा भी नहीं है," तो म्हणाला, आणि हात जोडले.

डब्याचा भाव सरकारने बांधून दिला होता आणि तो त्याने कधी एका पैशाने वाढवला नाही. फक्त डबा एकटा मिळायचा नाही. साहेब लोक निघून गेल्यावर त्याच्या कपाटांत जे पडून राहिलं होतं, ते तो एकेका डब्याबरोबर बाहेर काढत होता. तिथे येणाऱ्या सगळ्या बायांना हे ठाऊक होतं. कोणाच्या पदरात काय येईल, ते मात्र सांगता यायचं नाही.

घरी सासूबाईंनी निळीचा गठ्ठा उलटसुलट करून पाहिला. "हे काय आणलं?"

"डब्याबरोबर घ्यावं लागलं, आई."

"काय बापा! नवरीसोबत पाठराखीण आली म्हणायची."

तेव्हापासून आमच्या घरात तोच शब्द झाला. लग्नानंतर नवरीबरोबर सोबतीला सासरी जाते ती पाठराखीण. आमच्याकडे दुधाचा डबा नवरी होता. मी सदरहून आले की सासूबाई बाळाला मांडीवर घेऊन दारातच विचारायच्या, "आज पाठराखीण कोण?" कधी बूट पॉलिश असायचं, कधी पांढऱ्या कॅन्व्हासच्या बुटांना लावायची पांढरी माती, कधी सिरक्याची, म्हणजे व्हिनेगरची बाटली. मी ते सगळं वरच्या फळीवर नीट लावून ठेवायची, लेबलं पुढे करून. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झाले होते. त्या शिक्षणाचा त्या वर्षी झालेला उपयोग म्हणजे ही लेबलं मला वाचता आली.

एकदा पाठराखीण म्हणून कस्टर्ड पावडर आली. मी लेबल वाचून सांगितलं की हे मुळात मक्याचं पीठ आहे. घरात बेसन संपलेलं होतं आणि आंबट ताक होतं. सासूबाईंनी त्या पावडरीची कढी लावली. कढी छान दाट झाली आणि तिला बेकरीतल्या केकसारखा गोड वास सुटला. लसूण-मिरचीची फोडणी वरून बसली तरी तो वास हटला नाही. सासूबाईंनी एक भुरका घेतला आणि वाटी खाली ठेवली.

"आता समजलं इंग्रज काहून गेले," त्या म्हणाल्या.

आजोबा त्या दिवशी दोन वाट्या कढी जेवले आणि कामावर गेले. त्यांना वास आला की नाही, कळलं नाही.

लढाई थांबली. काळे कागद मी पाण्याने भिजवून काढले आणि काचा पुसल्या. आम्हाला वाटलं होतं की आता भाव उतरतील, पण ते उतरले नाहीत. पाळ्याही कमी झाल्या नाहीत. त्या वर्षी पाऊस नीट झाला नव्हता, त्यामुळे थंडी सुरू होता होता बाजार आणखी चढला. डबा मागितला की सदरचा म्हातारा आधी मान हलवायला लागला.

शेवटच्या वेळी गेले तेव्हा माझ्याकडे तेलाची रिकामी बाटली होती आणि महिन्याच्या गोड्या तेलाचे पैसे. डब्याचे पैसे वेगळे रुमालात बांधले होते. म्हाताऱ्याने आत जाऊन एक डबा आणला.

"आखिरी है, बहनजी. अब माल कब आएगा, राम जाने."

"साथ में क्या है?"

तो शिडीवर चढला आणि पुठ्ठ्याचा गोल खोका घेऊन उतरला. त्यातून टोपी काढली. साहेब उन्हात घालायचे ती खाकी, भेंडाची, आतून हिरवं कापड आणि चामड्याचा पट्टा. फुंकर मारून त्याने तिच्यावरची धूळ उडवली.

"इसे हमारे यहां कौन पहनेगा?"

"मुन्ना बड़ा होके पहनेगा," तो म्हणाला. थट्टा करत नव्हता.

टोपीची किंमत त्याने सांगितली, ती जवळजवळ तेलाच्या पैशांइतकी होती. मागे आणखी एक बाई उभी होती, कडेवर मूल घेतलेली, आणि ती माझ्या डब्याकडे बघत होती. मी घासाघीस केली नाही. तेलाचे पैसे दिले. डबा टोपीत ठेवला, कारण पिशवीत बाटली होती, आणि दुकानाबाहेर पडले. त्या बाईकडे वळून पाहिलं नाही. रिक्षाला पैसे उरले नव्हते, म्हणून चालत निघाले. वाटेत लष्करी गाड्यांची रांग जात होती, ती संपेपर्यंत टोपी छातीशी धरून कडेला उभी राहिले. एका गाडीतल्या जवानाने मला सलाम ठोकला आणि बाकीचे हसले. मी मान वळवली नाही.

दारात सासूबाईंनी आधी बाटली बघितली. "तेल नाही भेटलं?"

मी टोपी पुढे केली. त्यांनी डबा उचलून घेतला आणि टोपी माझ्याच हातात राहू दिली. "आता उकडलेलं खाऊ," त्या म्हणाल्या. "अशानं कोणी मरत नाही."

त्या संध्याकाळी आजोबा आले, त्यांनी फळीवरची टोपी पाहिली. "कोण साहेब आला?"

"तुझ्या लेकाच्या डब्याची पाठराखीण," सासूबाई म्हणाल्या.

त्यांनी ती डोक्यावर घालून पाहिली आणि तशीच ठेवून पाटावर बसले. मला वाटतं काढायचं त्यांना सुचलं नाही. उकडलेली भोपळ्याची भाजी आणि लाल पोळी त्यांनी ती साहेबी टोपी घालून खाल्ली. समोर सासूबाई, बाजूला मी. आम्ही तिघंही हसलो नाही. आज सांगताना हसू यावं असं आहे, पण मी लिहिते आहे तरी येत नाही.

डबा शेवटचा होता, म्हणून मी पावडर मोजून टाकायची तीत एक चमचा कमी केला. मग आणखी अर्धा. दूध पांढरं न राहता निळसर दिसायला लागलं. तुमचा बाबा आधी रडायचा, पुढे फार रडेनासा झाला. पाळण्यात पडून छताकडे बघायचा. शेजारीण म्हणाली, "किती शांत पोर आहे गं तुझं!" सासूबाई तिला म्हणाल्या, "तुझं पोट्टं ने इथून, रडून राहिलं ते." शेजारणीचं पोर रडत नव्हतं.

चमचा डब्याच्या तळाशी खरवडायला लागला तेव्हा सासूबाईंनी मला न विचारता रेशनचा लाल गहू भिजत घातला. डॉक्टरांनी सांगितलेले सहा महिने उलटले होते, पण दुसरं काहीही पोटात गेलं की काय होतं ते आम्ही तीनदा पाहिलं होतं. कुरडयांना काढतात तसा गव्हाचा चीक काढायचा त्यांचा बेत होता. रोज त्या पाणी बदलायच्या आणि गव्हाला टोचून बघायच्या.

"आई, त्याला पचलं नाही तर?"

"तर काय, ते मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "तू सांग, दुसरं काय आहे घरात?"

वरच्या फळीवर सिरका होता, पॉलिश होतं.

गहू वाटला, फडक्यातून पिळला, पाणी निवळू दिलं. तळाशी पांढरा थर बसला, त्यांना वाटलं होतं त्यापेक्षा जाड. गुळाच्या पाण्यात तो शिजवून त्यांनी वाटीत ओतला आणि वाटी माझ्या हातात दिली. स्वतः पाठ करून चुलीशी बसल्या. मी बोटाने चीक त्याच्या ओठांना लावला. त्याने जीभ बाहेर काढली, तोंड वेडंवाकडं केलं आणि पुन्हा उघडलं. अर्धी वाटी संपल्यावर मी थांबले.

मग थोडा थोडा चीक देत आम्ही वाट पाहिली. तो दिवस गेला, दुसरा गेला. त्याची दुपटी आम्ही दोघी उजेडात नेऊन बघत होतो, एकीने पाहिली तरी दुसरी पुन्हा बघायची. काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी तो भुकेने किंचाळून रडला.

"पचलं वाटते," सासूबाई म्हणाल्या.

"हो," मी म्हणाले.

मला आनंद झाला असं म्हणायला हवं. मी वाटी घासली, पालथी घातली आणि गहू निवडायला बसले. सासूबाईंनी डब्यातलं उरलेलं चमचाभर दूध पाण्यात ढवळलं, अर्धं मला दिलं, अर्धं स्वतः घेतलं. आम्ही ते चहासारखं प्यायलो.

पगार झाल्यावर तेल आलं. मी बाजारातून लसूणही आणला होता, आणि लसणाच्या टोपलीला उंदरांनी भोक पाडलं होतं. सासूबाईंनी फळीवरून टोपी काढली, पट्टा ओढून पाहिला, खिळ्याला उलटी अडकवली आणि तिच्यात लसूण ओतला. घर बदललं तेव्हा ती आमच्याबरोबर इथे आली. सासूबाई जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली.

तुमच्या बाबाला चीक आवडत नाही. मी केला की म्हणतो, हे आजाऱ्याचं खाणं आहे.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं की टोपीच्या माथ्याला आणि बाजूंना छिद्रं आहेत. हवा खेळती राहते, म्हणून लसणाला लवकर कोंब फुटत नाहीत.