डबीवरची ताई

माझी थोरली बहीण मी जन्मायच्या आधीच वारली. सहा वर्षांची होती. तरी मी तिला रोज बघत वाढले, कारण वडिलांनी तिचा फोटो आमच्या कुंकवाच्या डबीवर छापला होता आणि कुंकवाला नावही तिचंच दिलं होतं. त्या नावाचा आणि चेहऱ्याचा ट्रेडमार्क त्यांनी रीतसर नोंदवून घेतला होता. तेव्हा सोलापुरात ज्या घरी जावं तिथं आरशापाशी ती असायचीच. मी मैत्रिणीकडं खेळायला गेले तरी ती माझ्या आधी पोचलेली. मला तिचा राग यायचा आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटायची. मी सात वर्षांची झाले, आठ वर्षांची झाले, ती आपली सहाचीच. वर तिला मी ताई म्हणायचं!

पुढं टिकल्यांची पाकिटं आली आणि आमचा धंदा बसला. वडिलांनी मागच्या अंगणातली शेड बंद केली. आईनं मात्र दोन गोष्टी सोडल्या नाहीत. दर दहा वर्षांनी फी भरून ट्रेडमार्कचं नूतनीकरण करायचं, आणि दर संक्रांतीला शिल्लक लेबलं काढून, खळ लावून, शंभरेक डब्या स्वतःच्या हातानं भरायच्या. त्या डब्या ती हळदीकुंकवाला वाण म्हणून लुटायची. वडील गेल्यावर ती हळदीकुंकू करेना, तेव्हापासून डब्या भरायची ती आणि लुटायची मी, माझ्या घरी. लेबल चिकटवताना ती प्रत्येक गालावरून अंगठा फिरवायची. आत हवा राहू नये म्हणून, असं सांगायची. मला ते बघवत नसे.

गेल्या वर्षी एक जाडजूड पाकीट आलं. परराज्यातल्या कुठल्याशा कंपनीनं अर्ज केला होता की हा ट्रेडमार्क पाच वर्षांहून जास्त काळ वापरातच नाही, तेव्हा तो नोंदवहीतून काढून टाकावा. सोबत त्यांच्या माणसाचं प्रतिज्ञापत्र होतं. तो मैंदर्गीच्या बाजारात फिरला होता, सांगोल्यात फिरला होता, माळशिरसला जाऊन आला होता. दुकानादुकानांत ताईचा फोटो दाखवून त्यानं विचारलं होतं. मी आईला मोठ्यानं वाचून दाखवत होते. ‘सदर नाव कोणासही ठाऊक नाही. सदर चित्रातील मुलीस कोणीही ओळखले नाही.’ पुढं मला वाचवेना. भर दुपारी, पंखा गरगरत असताना माझ्या अंगावर काटा आला. एक अनोळखी माणूस माझ्या मेलेल्या बहिणीचा फोटो हातात घेऊन तिला गावोगाव शोधत हिंडला होता, आणि ती कुठंच नाही असं त्यानं सहीशिक्क्यानिशी लिहून दिलं होतं.

आई एवढंच म्हणाली, “आपल्याला इचारायचं की त्यानं. ती हितं हाय.”

वकिलांनी कागद चाळले. “मॅडम, नुसती फी भरून ट्रेडमार्क टिकत नाही. धंद्यात खराखुरा वापर लागतो. इतक्या वर्षांतलं विक्रीचं एखादं बिल?” मी वाणाचं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “म्हणजे फुकट वाटल्या. ते विक्रीत धरणार नाहीत.”

घरी येईपर्यंत मी सगळं जुळवून टाकलं होतं. मी मुळात तापट, त्यात हट्टी. माझ्या ओळखीचा एक दुकानदार मागच्या तारखांची बिलं करून द्यायला तयार झाला. वाण नेलेल्या चार बायका ‘विकत घेतली’ असं लिहून द्यायलाही कबूल झाल्या. खोटं होतं, मला ठाऊक होतं, आणि त्याचं मला काही वाटतही नव्हतं. आता फक्त आईची सही हवी होती, कारण वडिलांच्या मागं ट्रेडमार्क तिच्या नावावर होता.

तिनं सगळं नीट ऐकून घेतलं. “इकल्या म्हंजे? पैसं घिऊन?”

“फक्त कागदावर, आई.”

“वाण कुणी इकतं व्हय?”

माझं डोकंच फिरलं. “मग जाईल ती! कायमची जाईल, कळतंय का तुला?”

मी ट्रेडमार्कबद्दल बोलत नव्हते, हे दोघींनाही कळलं. आईनं कागद माझ्याकडं परत सरकवला. मग पेन बाजूला ठेवून म्हणाली, “जाऊ दे. पर पोर इकली असं माज्या हातानं मी न्हाय लिवनार.”

आम्ही जे खरं होतं तेच कळवलं. काही महिन्यांनी निकाल आला. मी कॉम्प्युटरवर ट्रेडमार्कची नोंदवही उघडून पाहिली. ताईचा फोटो तसाच होता, नाव होतं, आणि खाली शेरा होता, ‘काढून टाकला’. त्या शेऱ्याच्या वरून ती सरळ माझ्याकडं बघत होती. मी घाईघाईनं कॉम्प्युटर बंद केला. आईला सांगितल्यावर तिनं खळीचं पातेलं घासलं आणि फळीवर पालथं घातलं.

यंदा संक्रांतीच्या आधी बाजारात एका दुकानात तेच नाव दिसलं. नवी चकचकीत डबी होती, त्या कंपनीची. डबीवर एक तरुण मुलगी होती, विशीतली. भांग तोच, मान किंचित कललेली तशीच. आता जुन्या फोटोतलं वय वाढवता येतं, जाहिरातवाल्यांनी तेच केलं असणार, एवढं मला समजतं. पण ही हसत होती आणि तिचा वरचा एक दात शेजारच्या दातावर चढलेला होता. असा दात माझ्या आईचा आहे, माझा आहे. आमच्या फोटोत ताईचं तोंड मिटलेलं, आणि तेव्हा तर तिचे दुधाचेच दात होते. हे त्यांना कुणी सांगितलं? “देऊ का मावशी?” दुकानदारानं दोनदा विचारलं, तेव्हा मी भानावर आले.

घरी आल्यावर डबी आईच्या हातात दिली. तिनं ती डोळ्यांजवळ नेली.

“मोटी झाली की गं,” ती म्हणाली. इतका आनंद तिच्या आवाजात मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. मला रडूच फुटलं.

मग तिनं डबी उलटी केली. बुडाशी किंमत छापलेली होती.

“इकत आनलीस व्हय?”

“हो.”

“मग ही आपली न्हाय,” आई म्हणाली. पण डबी काही तिच्या हातून सुटेना.