भिवाला आत घ्यायचं ठरलं होतं

हे मी आजवर कुणापुढं बोललो नाही. बायकोपुढंही नाही. ती शेवटच्या दुखण्यात असताना एकदा ओठापर्यंत आलं होतं, पण मी वर पाणी प्यालो आणि गिळून टाकलं. तुम्हाला का सांगतोय? माहीत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

जामखेडच्या बाजारात बैलांचे सौदे करत मी म्हातारा झालो. बाप लोकांच्या बांधावर राबून गेला. माझं घर, माझी विहीर, सगळं मी उभं केलं. तोंडाचा मी फाटका आहे. रुमालाखाली बोटं दाबून सौदा पक्का केला आणि मग कुणी फिरला, तर मी त्याची भर बाजारात अब्रू काढतो. एकाच्या तर मुस्काटात मारली होती. लोक म्हणतात, माणूस तापट आहे, पण शब्दाचा पक्का. मी पुढच्या बैलाचे दात बघायला लागतो. काय बोलणार?

आणखी एक गोष्ट मी सगळ्यांना सांगत आलो — मास्तरांनी माझं वाटोळं केलं. त्या काळी मराठी सातवीच्या परीक्षेला फायनल म्हणत. फायनल पास झालेला पोरगा मास्तर होई, तलाठी होई, गाव त्याला अहोजाहो करी. मी पास झालो नाही. मास्तरांनी माझ्यावर डूख धरला, त्यात ते धाडींचे दिवस, शाळा धड चाललीच नाही — असं मी सांगतो. इतक्यांदा सांगितलंय की मलाच खरं वाटतं. मास्तरांवरचा राग तर अजून आहे. तो राग खोटा नाही. पण — थांबा, सुरुवातीपासून सांगतो.

आमचं गाव खर्ड्याच्या पलीकडं, हद्दीला लागून. ओढा ओलांडला की निजामाचं राज्य. शाळा म्हणजे एक लांब खोली आणि पुढं दगडी ओटा. आम्ही खोलीत बसायचो, महारांची पोरं ओट्यावर. सगळ्यांना एकत्र बसवा असा सरकारचा हुकूम होता, नाही असं नाही. इन्स्पेक्टरसाहेब यायचे त्या दिवशी ओट्यावरची पोरं आत घेत, दाराजवळ ओळीनं बसवत. साहेब शेरा लिहून गेले की पोरं बाहेर, आणि मागोमाग जमीन शेणानं सारवायची. सारवायला आम्हीच. मला त्याचं काही वाटायचं नाही. उलट सारवणात धडा बुडायचा, म्हणून बरंच वाटायचं.

मास्तर वाईट नव्हते. ओट्यावरच्यांना ते खिडकीतून शिकवत. मारायची वेळ आली तर छडी फेकून मारत, आणि पाणी शिंपडून ती परत उचलत.

माझ्या खिडकीच्या अगदी खाली भिवा बसायचा. गावच्या जागल्याचा थोरला मुलगा. रात्री गावाची राखण करायचं काम त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या होतं. भिवाही सातवीत. शेजारी गोणपाटावर त्याचा धाकटा भाऊ, पहिलीतला. भिवा गणितात असा होता की मास्तरांनी फळ्यावर गणित लिहून खडू खाली ठेवायच्या आत त्याच्या पाटीवर उत्तर असे. हा फायनलला तालुक्यात पुढं येईल, मास्तर होईल, असं आमचे मास्तर उघड म्हणत. मास्तर झाला तर कुठल्या शाळेत, कुणाला आत बसून शिकवील, हे मात्र कुणी म्हणत नसे.

स्वातंत्र्य आलं, पण ते ओढ्यापलीकडं आलं नाही. तिकडून निजामाच्या माणसांच्या धाडी यायला लागल्या. कुठं गंजी पेटवल्या, कुठं दुकान लुटलं, कुठं माणसं कापली. रोज नवी बातमी, आणि त्यातली खरी किती हे कुणी विचारत नव्हतं. पलीकडची माणसं गाड्या जुंपून, भांडीकुंडी घेऊन आमच्या बाजूला येत होती. बायकांनी डोरली चुलीखाली पुरली. आमच्या वर्गात मुलाण्याचा पोरगा होता, आमच्यातच वाढलेला. त्याच्याकडं लोक तिरकं बघू लागले. तो मधल्या सुट्टीत एकटाच भिंतीला टेकून बसायचा. भीतीला लांबचा माणूस सापडत नाही ना — मग ती जवळचा शोधते.

तुम्ही कधी कविता पाठ म्हणता म्हणता कान दाराकडं लावलाय? आम्ही ते वर्षभर केलं.

देवळावर माणूस बसवला होता. पूर्वेला धूळ दिसली की त्यानं नगारा वाजवायचा, आणि नगारा झाला की पोरांनी शाळेत कोंडून घ्यायचं, असं गावानं ठरवलं. शाळेचं दार भक्कम होतं. आतून अडसर होता, भिंतीच्या खोबणीतून ओढून आडवा घालायचा जाड ओंडका. तो ओढायला दांडगा पोरगा हवा, म्हणून मास्तरांनी मला नेमलं. ओट्यावरच्या पोरांचं नाव कुणी काढलं नाही. भिवाच्या बापानं चावडीवर हात जोडून विचारलं, तेव्हा त्याला सांगितलं की तुमची पोरं तुमच्या वस्तीकडं पळतील. महारवाडा गावाच्या पूर्वेला होता. धाड आली असती ती पूर्वेकडूनच.

भिवानं दुसऱ्या दिवशी खिडकीशी विषय काढला. हसत हसत.

"काय दरवान," म्हणाला, "नगारा झाला तर आमाला घेतूस का आत?"

मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, मला काय मिळंल. खरंच, पहिलं हेच तोंडातून आलं. कुणी शिकवलं नव्हतं. तो थोडा वेळ पाटी पुसत राहिला आणि म्हणाला, गणितं देतो. मी विचारलं, रोजची? रोजची. मग त्यानं भावाकडं बोट केलं, ह्यालाबी घ्यायचं. मी म्हणालो, मग घरी दिलेलीबी गणितं तूच करायची. त्यानं मान हलवली. शिवायचं नव्हतं, त्यामुळं हातावर हात मारता आला नाही. मी आईची शपथ घेतली.

तो माझा पहिला सौदा. भिवानं एक दिवसही शब्द मोडला नाही. उत्तर झालं की पाटी माझ्याकडं वळवून धरायचा आणि स्वतः भलतीकडं बघायचा. एकदा अंगात ताप असतानाही घोंगडी पांघरून आला आणि पाटी वळवून बसला.

आता ते सांगायला हवं जे मी स्वतःशीही नीट बोललेलो नाही.

एके दिवशी मास्तरांनी मला फळ्यापाशी बोलावलं. हौदाचं गणित — एका तोटीनं भरतो, दुसरीनं रिकामा होतो. आमच्या गावात हौद कुणी बघितला होता? पण ते सोडा. फळ्यापासून खिडकी लांब होती. मी खडू हातात घेऊन उभा राहिलो, आणि रोज वहीत सगळी गणितं बरोबर असणारा मी एक आकडा लिहू शकलो नाही. मास्तरांनी तिथूनच भिवाला विचारलं. त्यानं बसल्या जागी उत्तर दिलं.

"अरे टोणग्या," मास्तर मला म्हणाले, "तू आत बसून रवंथ करतोस आणि गणित ओट्यावर होतंय."

वर्ग हसला. मी खिडकीकडं बघितलं. भिवाही हसला होता. थोडासाच. माझी नजर गेली तशी त्यानं मान खाली घातली. पण मी ते बघितलं होतं.

तेवढंच. त्या हसण्याला धरून मी बसलो. रात्री भाकरी गोड लागेना. गणितं मात्र उतरवतच होतो — ती सोडली नाहीत.

त्याच आठवड्यात, भर दुपारी, नगारा वाजला.

पोरांनी एकच कल्लोळ करत खिडक्या लावून घेतल्या. मास्तर खुर्ची धरून उभे राहिले, तोंडानं देवाचं नाव. ओट्यावरची बाकीची पोरं वस्तीकडं पळत सुटली. भिवा पळाला नाही. का पळेल? त्याचं ठरलं होतं. भावाला पुढं घालून तो दाराशी आला. मी दार अर्धं लोटलं होतं. त्यानं मला बघितलं, मी त्याला. लोकांना वाटेल, घाई असेल, पोरवय असेल, भीतीनं हातपाय गळाले असतील. वेळ होता. दोन पोरं आत यायला लागतो त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ होता. आणि खरं सांगू? त्या क्षणी धाडीची भीती मला वाटतच नव्हती. विटाळाचंही मनात नव्हतं. मनात एवढंच होतं — आता हस.

मी दार लावलं आणि अडसर ओढला.

बाहेरून हाताचे पंजे दारावर पडले. आतल्या गोंगाटात ते मलाच ऐकू गेले. माझी पाठ दाराला होती. मग फटीशी तोंड आणून तो बोलला. ओरडला नाही. माल पोचता केलेला माणूस बोलतो, तसा बोलला.

"नाम्या, गणितं दिली की रं."

मास्तरांनी विचारलं, बाहेर कोणी राहिलंय का. मी म्हणालो, "न्हाई मास्तर. पळाली समदी."

धाड नव्हती. धूळ पलीकडून पळून आलेल्या माणसांच्या गाड्यांची होती. काही वेळानं पाटलाचा गडी येऊन सांगून गेला आणि मी अडसर काढला. भिवा ओट्यावर, खांबाच्या पुढं उभा होता. भावाला त्यानं खांबामागं बसवून वर गोणपाट टाकलं होतं. पोराची चड्डी ओली झाली होती. भिवाच्या हातात दगड होता. त्यानं तो खाली ठेवला आणि मास्तरांना सरळ सांगितलं की ह्यानं आत घ्यायचं कबूल केलं हुतं.

सगळी पोरं माझ्याकडं बघायला लागली. मास्तरही. गणितांचं आता निघणार, हे मला कळलं. सौद्यात अडकल्यावर माणूस जे करतो ते मी केलं, समोरच्याचाच माल खोटा ठरवला.

"त्याला भ्या वाटलंच न्हाई मास्तर," मी म्हणालो. "म्हनून तर पळाला न्हाई. त्याचा मामा पलीकडं हाय. त्याला ठावं हुतं आज काय हुनार न्हाई."

मामा पलीकडं होता, हे खरं. अर्ध्या गावाची सोयरीक पलीकडं होती. माझी मावशीही तिकडंच दिलेली होती.

हे एक वाक्य. वाळल्या गंजीवर काडी पडावी तसं ते पडलं. संध्याकाळपर्यंत गावात झालं होतं की जागल्याच्या घरी पलीकडून सांगावे येतात. त्याला चावडीवर बोलावलं. ज्याचा मेव्हणा तिकडं, तो आमची राखण काय करणार, असं म्हणून राखण काढून घेतली. कुणीतरी त्याच्यावर हातही टाकला. पोरांना शाळेत पाठवू नको म्हणाले. मी चावडीबाहेर उभा राहून सगळं ऐकत होतो. भिवाच्या बापानं तेव्हाही हात जोडलेलेच होते.

मला तेव्हाही वाचवता आलं असतं. म्हणजे त्यालाच. कारण मास्तर माझ्या घरी आले. मी बैलांना कडबा टाकत होतो. ते गोठ्याच्या दाराशी उभे राहिले आणि हळू आवाजात म्हणाले, "भिवाचा फायनलचा अर्ज मी पाठवलाय. तू खरं सांगितलंस तर मी आत्ता पाटलांकडं जातो. त्याला परीक्षेला तरी बसू दे, बाळ."

बाळ म्हणाले. मला ते आयुष्यात पहिल्यांदा तसं म्हणाले. आणि ते भिवासाठी म्हणाले, हेच मला झोंबलं.

मी म्हणालो, सांगितलं तेच खरं.

ते गेले. पुढं वर्गात त्यांनी मला एकही प्रश्न विचारला नाही. मी ज्याला डूख म्हणतो, तो हा.

जागल्याचं घर उठलं. पुणतांब्याला भिवाची आत्या होती, तिकडं जातो म्हणाले. गाडीत भांडी, एक शेळी, आणि आई. भिवा भावाचा हात धरून गाडीमागून चालत होता. मी वाटेच्या कडेला उभा होतो. का उभा होतो कुणास ठाऊक. त्यानं शिवी दिली असती तर मी उलट दिली असती, तेवढी तयारी होती. तो जवळ आला, आणि धाकट्याला त्यानं माझ्या बाजूनं काढून आपल्या पलीकडल्या हाताला घेतलं. त्याला माझ्या सावलीतनं लांब ठेवलं. मग पुढं गेला.

फायनलला आमच्या गावातून गेलेल्यांत भिवा नव्हता. मी होतो, आणि गणितात नापास झालो. मास्तरांचा त्यात काही हात नव्हता. मी गणितं उतरवली होती, शिकलो नव्हतो.

भिवाची परीक्षा मी घालवली. घाबरून दार लावलं, असं म्हणायची सोय होती, पण तसं नव्हतं. एका हसण्यापायी लावलं, आणि मग स्वतःला वाचवायला अख्ख्या गावाची भीती त्याच्या बापावर सोडली. तो पुढं शिकला का, कुठं राबतो, आहे का नाही, मला माहीत नाही. बैलांच्या निमित्तानं मी पुणतांब्यावरून कितीदा गेलो. एकदाही उतरून विचारलं नाही.