आठवा चोरखिसा

जादूवाल्यांच्या मंडळात गायब झालेली वस्तू एक वेळ परत मिळणार नाही, पण किस्से काही हरवत नाहीत. उलट दर खेपेला एक वाढतोच! ऐंशीच्या आसपास वाशीत आमचं असं तिघांचं मंडळ होतं. मी, हमीद आणि दिघे. तिघंही जवळच्या पावणे गावातल्या एकाच कारखान्यात कामाला. दिघे फिटर, पण खरे जादूगार तेच. आम्ही दोघं टेबल उचलणारे!

दिघ्यांच्या काळ्या कोटाला आतून सात चोरखिसे होते. "ही बघा अंगठी, उजव्या हातात!" म्हणून दिघे स्वतःच त्या हाताकडे कौतुकानं बघायचे. मग लोकही तिकडेच बघायचे, आणि अंगठी डाव्या हातातून केव्हाच खिशात! नंतर कुणी "कसं केलं?" म्हणून मागे लागलं, की त्यांचं उत्तर ठरलेलं.

"चहा घ्या, गार होतोय."

हा प्रश्न कधीच विचारला नाही तो फक्त दिघेवहिनींनी. सातही खिसे त्यांनीच शिवलेले, विचारणार काय? "बायकोनं एकदा तरी 'कसं केलंत' म्हणावं, बस्स!" दिघे म्हणायचे. आम्ही हसायचो. ते मात्र हसत नसत.

*

वहिनी पहिल्या रांगेत बसायच्या आणि सरळ डाव्या हाताकडे बघायच्या. त्यांचं बघून शेजारणी तिकडे बघायला लागल्या. मग अख्खी रांग! रुमाल खिशात जाताना सगळ्या बायकांनी पाहिला.

"पुढच्या वेळी तू शेवटच्या रांगेत!" दिघे वैतागले.

"बसते की," वहिनी म्हणाल्या. "पण तिथून दिसायचं नाही, मला उभं राहावं लागेल."

*

एकदा ड्यूटी संपल्यावर लगेच शो होता, म्हणून दिघे कोट घालूनच कारखान्याच्या गेटवर आले. वॉचमन नवा होता. त्यानं झडती घेतली आणि एकेक खिसा बाहेर काढायला लागला.

"हे काय?"

"चोरखिसा," दिघे म्हणाले.

"आणि हा?"

"चोरखिसा."

सात झाल्यावर त्यानं त्यांना साहेबांपुढे उभं केलं. "साहेब, गडी स्वतःच कबूल झालाय!"

साहेबांनी चष्मा काढला. "दिघे, एवढे खिसे कशाला हो?"

आमचा माणूस सरळ! म्हणाला, "वस्तू गायब करायला, साहेब."

*

पावणे गावात शो झाला तेव्हा दिघ्यांनी लिंबू गायब केलं आणि एका आजींच्या पदराआडून परत काढलं. आजी खूश झाल्या नाहीत.

"गेलेला परत आनतोस ना? मंग आमचा शेत आन!"

कारखान्यांसाठी सरकारनं घेतलेल्या त्यांच्या शेतावर आता एक वर्कशॉप उभं होतं. लोक हसले. दिघे हात जोडून म्हणाले, "आजी, एवढा मोठा खिसा माझ्याकडे नाही."

"ज्याच्याकरं हाय," आजी म्हणाल्या, "त्याला कोन जादूगार बोलत नाय!"



*

सोसायटीत दिघ्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. पब्लिक ओरडायला लागलं, "नारळ गायब करा!" दिघ्यांना घाम फुटला. हमीदनं माइक खेचला. "होनार, होनार! उद्या सकाळी, चटनीत!"

*

शेवटी दिघ्यांनी गुपचूप आठवा खिसा शिवला. माझ्या घरी बसून, स्वतःच्या हातानं. लोखंडात सुताचा फरक न होऊ देणारा हा माणूस, पण टाके गोणी शिवल्यासारखे! "हा तिला माहीतच नाही," ते लहान मुलासारखे हसले.

सोसायटीच्या गॅदरिंगला त्यांनी वहिनींनाच स्टेजवर बोलावलं आणि वहिनींच्या बोटातली, त्यांच्या आईची अंगठी मागून घेतली. एक, दोन, तीन, गायब! टाळ्या पडल्या. ती परत काढायला दिघ्यांनी आठव्या खिशात हात घातला आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. खिशाचा तळच उसवला होता.

वहिनींनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. मग माइकवर मोठ्यानं म्हणाल्या, "अगंबाई! कसं केलंत हो?"

हॉल डोक्यावर घेतला लोकांनी! इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली, ते दिघ्यांना धड ऐकूही आलं नाही. पडदा पडताच त्यांनी कोट खुर्चीवर फेकला आणि आम्ही तिघं गुडघ्यांवर रांगत स्टेजची फळी न् फळी चाचपली. वहिनी कोट उचलून कधी घरी गेल्या, कळलंही नाही.

तासाभरानं तोंडं पाडून आम्ही दिघ्यांच्या घरी पोचलो. कोट खुंटीला होता. वहिनी चहाचा ट्रे घेऊन आल्या, आणि अंगठी त्यांच्या बोटात होती! मी हळूच कोट उलटा केला. आठव्या खिशाला बारीक, सुबक टाके घातलेले होते.

दिघे मटकन खाली बसले. "खरं सांग. स्टेजवर तू खरंच फसलीस, की मला सांभाळून घेतलंस?"

वहिनींनी कप पुढे सरकवला.

"चहा घ्या, गार होतोय."