अडलेली लघवी

दुकानातल्या संडासात मी बसलेले. लघवी येईना. ओटीपोट दगडासारखं झालेलं. नळ सोडून बघितला, पुढं वाकून बघितलं, हातानं दाबून बघितलं. थेंब न्हाई. आन् बाहेरून मालकीणबाई दार बडवून राहिल्या.

"मोबाईल घेऊन बसलीस का आत? गिऱ्हाईक ताटकळलंय!"

नांदेडात साड्यांच्या दुकानात मी कामाला होते. दिवसभर उभं राहून साड्या उलगडायच्या, परत घड्या घालायच्या. थोरली लेक तापानं गेली, तवापासून मला झोप लागंना, घास गिळंना. सरकारी दवाखान्यातल्या मनाच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांनीच मी अंथरुणातून उठले, कामावर यायला लागले. पण लघवी अडायला लागली. आधी थांबून थांबून यायची. मग लई वेळ बसावं लागायचं. डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, "टेन्शन घेऊ नका. मनाचा खेळ आहे." त्यांनी वर बघितलंसुद्धा न्हाई.

तशीच बाहेर आले. मालकीणबाईनं माझी पर्स काउंटरवर उलटी केली. मोबाईल निघाला न्हाई. गोळ्या निघाल्या.

"हे काय?"

"मनाच्या आजाराच्या गोळ्या हायेत, बाई. त्यानं लघवी अडून राहिली."

समोर गादीवर लोह्याहून आलेलं कुटुंब बसलेलं. लग्नाचा बस्ता बांधायचा होता. मालकीणबाई त्यांच्याकडं बघून हसल्या. "बघा. वेड्याच्या गोळ्या खाऊन दुकानात उभी राहते ही."

मी पुढं केलेली साडी नवरीच्या आईनं बोटाच्या टोकानं बाजूला सारली. नवरी खाली बघत राहिली. मी पसरलेल्या साड्या गोळा केल्या, घड्या घातल्या. कळ मांडीपर्यंत उतरलेली. दुकान बंद व्हायच्या आधी जी खाली बसले, ती उठलेच न्हाई.

नवऱ्यानं ऑटोत घालून दवाखान्यात नेलं. तिथं नळी घातली. पडदा न्हाई, आडोसा न्हाई. वॉर्डातली माणसं बघून राहिलेली. पिशवी भरत गेली. लाज वाटायलासुद्धा अंगात ताकद लागते. माझ्यात ती नव्हती.

ड्युटीवरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "या गोळीनं होतं असं. गोळी बदलता येते. आधी सांगितलं का नाही?"

"सांगितलं होतं."

त्यांनी माझ्या कागदावर गोळीचं नाव लिहून त्याखाली रेघ मारली.

नवरा म्हणाला, "सोड त्या गोळ्या. लोक हसून राहिलेत." गोळ्या सोडल्या की काय व्हतं ते मला ठाऊक हाय. भिंतीकडं तोंड करून पडायचं. धाकटी भुकेली रडायची आन् मला ऐकूच यायचं न्हाई. मी म्हणाले, "सोडणार न्हाई. बदलून घेणार."

पुन्हा मनाच्या डॉक्टरांकडं गेले. ते खाली मान घालून तीच गोळी लिहायला लागले. मी त्यांच्या कागदावर हात ठेवला.

"साहेब, आधी माझ्याकडं बघा. मला नळी घालावी लागली. ह्यो मनाचा खेळ न्हाई."

मागं रांग होती. सगळ्यांनी ऐकलं. डॉक्टरांनी बघितलं. गोळी बदलली.

नव्या गोळीनं लघवी व्हते, पण झट् दिशी न्हाई. कधी कधी अजून पोट गच्च व्हतं आन् भ्या वाटतं. मालकीणबाईनं निरोप धाडला, "ये, पण मागं गोदामात बस. गिऱ्हाईकासमोर यायचं नाही. आणि गोळ्यांचं कुणाला सांगायचं नाही." मी जाऊन तोंडावर सांगितलं, "गोदामात बसणार न्हाई. गप्प बी बसणार न्हाई."

"मग येऊ नको."

आले निघून. आता काम न्हाई. घरात रोज बोलणी खाते. तरी रोज सगळ्यांसमोर गोळी घेते. दुसरं काम हुडकून राहिले. जिथं जाईन तिथं आधीच सांगणार, मला मनाचा आजार हाय आन् मी त्याची गोळी खाते. ठेवायचं तर हे ऐकून ठेवा. लपून जगणार न्हाई.